चौथा कोपरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. कारखान्यात तपासणीची नोंदवही आहे, पण तिच्यात पास, नापास आणि कारण एवढेच रकाने, आणि कारणाच्या रकान्यात माणसांची नावं लिहायची नाहीत असा नियम आहे. घरी बोलायला हे आहेत. ह्यांना काहीही सांगितलं की "हं" म्हणतात. एकतीस वर्षं मी "हं" ऐकते आहे.

नवं काम आलं आहे. रुग्णांना जिन्यावरून उतरवायची खुर्ची असते, तिची पाठ. काचेचे धागे घातलेलं प्लास्टिक. आधी एका साच्यात पातळ कवच प्रेसने दाबून काढायचं, मग ते दुसऱ्या साच्यात ठेवून त्याच्या पाठीवर गरम माल सोडायचा आणि बरगड्या व चार कान त्याच्याशी एकजीव करायचे. चारही कान खुर्चीच्या दांड्यांवर एकाच वेळी बसले पाहिजेत. नाही बसले तर खिट्टी लागत नाही, आणि खिट्टी लागली नाही तर रुग्ण जिन्याच्या मधोमध मागच्या मागे.

पाच मार्चला चाळीस पाठी द्यायच्या. नाही जमलं तर मोल्डिंग विभाग महिनाअखेरीला बंद आणि अकरा माणसं घरी, असं धाकट्या मालकांनी आज सगळ्यांना उभं करून सांगितलं. स्वतः मात्र बसून होते. हा मुलगा मला मावशी म्हणतो. ह्याच्या आईशी माझं आयुष्यात एकदाच बोलणं झालं आहे, तेही गाडी कुठे लावायची यावरून.

शिवाय नवा ओव्हन आणून माझ्या तपासणीच्या खोलीच्या भिंतीला चिकटवला आहे, पलीकडच्या बाजूने. मला कोणी विचारलं नाही. मला इथे फक्त चुका झाल्यावर विचारतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्या सहा पाठी आल्या. सहाही नापास. गेजवर, म्हणजे मापाच्या चौकटीवर, ठेवल्या की तीन कोपरे टेकतात आणि चौथा चार मिलिमीटर हवेत. चालतो तो अर्धा मिलिमीटर. सहा लाल चिठ्ठ्या चिकटवल्या. चिकटवताना मन प्रसन्न झालं, उगाच खोटं कशाला लिहू.

मोल्डिंगचा प्रमुख म्हणजे उस्ताद. ही पदवी त्याला कोणी दिली माहीत नाही, पण सगळे तसंच म्हणतात, त्यामुळे मलाही म्हणावं लागतं. मी विचारलं, "उस्ताद, हा पीळ कशाने?"

तो म्हणाला, "बाई, कवच निजलेलं असतं. त्याच्या पाठीवर गरम माल आला की ते अर्धवट जागं होतं. ज्या बाजूने जागं होतं, त्या बाजूने वळतं. मग थंड होताना बरगडी आपल्याकडे ओढते, कवच आपल्याकडे."

प्लास्टिकला झोप लागते म्हणे. चाळीस वर्षं प्रेसपुढे उभं राहिलं की माणसाचं असं होतं.

धाकट्या मालकांनी संगणकावर रंगीत चित्र दाखवलं. त्यात कवच अजिबात वळत नाही. संगणकावर मीही पंचविशीची दिसेन.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गेजच्या एका कोपऱ्यावर राळेचा अंगठा उमटलेला. म्हणजे शनिवारी मी गेल्यावर कोणीतरी गेज वापरलं. कोण असणार? विचारलं, तर उस्तादने लगेच कबूल केलं. "बघत होतो बाई, किती कमी झालाय ते."

तपासणीचं गेज तपासनीसाचं असतं. स्वयंपाकघरातल्या पळीसारखं कोणीही घ्यावं आणि ढवळावं, अशी ती वस्तू नाही.

या गेजची गोष्ट लिहून ठेवते. गिऱ्हाइकाने लोखंडी गेज जानेवारीतच पाठवलं होतं. सोळा किलो. माझा उजवा खांदा गेल्या वर्षापासून वर जात नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी ते उचलताना मी डाव्या हाताने उचललं, ते या माणसाने पाहिलं असावं. कोणी काही म्हणायच्या आत त्याने लोखंडी गेजवरून धाग्यांच्या प्लास्टिकचं तसंच्या तसं दुसरं बनवून आणलं. तीन किलोचं. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत तेच करत बसला होता. कामाच्या वेळात इतकं मन लावलं असतं तर विभागावर ही पाळी आली नसती. देताना वर उपदेश: "उबेत ठेवू नका हं बाई, आणि वर वजन नको." जणू तान्हं मूलच माझ्या ओटीत घालतोय. मी काही मागायला गेले नव्हते.

लोखंडी गेज मी कोठारात वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं. हे हलकं इतके दिवस बाहेर खिळ्याला टांगलेलं असायचं. आजपासून माझ्या लोखंडी कपाटात, कुलपात. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उस्तादने मालाचं तापमान कमी करून पाहिलं. पीळ खरंच कमी झाला. मी एक पाठ हातात घेतली आणि बरगडी धरून ओढली, तर ती खरपुडीसारखी निघून आली. नुसत्या हाताने! सगळ्यांच्या समोर बरगडी उस्तादच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "ही तुमची. रुग्ण वेगळा पाठवते."

कोणी हसलं नाही. विनोद कळायलाही डोकं लागतं.

तो बरगडीचं टोक बोटाने चाचपत म्हणाला, "गरम केलं तर वळतं, गार ठेवलं तर चिकटत नाही. पाठ जागी व्हायला हवी आणि पोट निजलेलं राहायला हवं." मग स्वतःशीच मान हलवत गेला.

एक चांगली गोष्ट. ओव्हनच्या भिंतीला माझं कपाट आहे. आज डबा सहज त्या कपाटात ठेवला, तर दुपारी एक वाजता नुकताच चुलीवरून उतरवल्यासारखा गरम. तीन वर्षं मी डबा गरम करायच्या यंत्रासाठी अर्ज करते आहे. शेवटी मलाच सोय करावी लागली. जागा करण्यासाठी जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा गेजवर ठेवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उस्तादचा नवा प्रयोग. साच्यात कवचाच्या पोटाखाली ॲल्युमिनियमची गादी बसवली आहे, कवचाच्या आकाराचीच. तिच्या आतून थंड पाणी फिरतं. म्हणजे पाठीचा वरचा पापुद्रा तेवढा वितळतो आणि बरगडी धरून ठेवतो. खालचं सगळं गार, गादीला टेकलेलं. शिवाय पाठ साच्यातून काढल्यावर तशीच मोकळी ठेवायची नाही. चौकटीत आवळून ठेवायची, हाताला कोमट लागेपर्यंत. गादी त्याने चार दिवस घासून घासून बसवली म्हणे. बोटांची सालं गेली आहेत.

बरगडी मी ओढून पाहिली, दोन्ही हातांनी. निघाली नाही. ते मान्य.

पण गेजवर चौथा कोपरा एक पूर्णांक दोन. नापास. वीसच्या वीस.

उस्तादचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खिशातून दोरा काढला, पाठीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर एक ताणला, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर दुसरा. "बघा बाई, मधे दोरे एकमेकांना टेकतायत. पीळ असता तर मधे फट दिसली असती. ही सरळ आहे."

दोऱ्याने! आम्ही इथे मिलिमीटरचे भाग करतो आणि हा दोरा घेऊन आला आहे. उद्या फुंकर मारून तपासेल. मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला दोरा पाठवायचा का सोबत?"

म्हणाला, "गेज एकदा बघू का जरा?"

म्हटलं, "गेज मी बघते. तुम्ही साचा बघा."

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी ह्यांना दोऱ्याची गंमत सांगितली. आमचे हे वजनमापे निरीक्षक होते. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करून पाहिले, आणि अजूनही घरातला काटा दर रविवारी शून्यावर आहे का बघतात. मला वाटलं, हसतील. तर म्हणाले, "तुमचं गेज कोण तपासतं?"

"मी."

"नाही, तू गेजने तपासतेस. गेज कोण तपासतं? आमच्या खात्यात आमची वजनंसुद्धा दर वर्षी दुसऱ्या वजनांशी लावून बघायचे."

"म्हणूनच तुमच्या खात्याने एवढे दिवे लावले."

"हं," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या कामातलं सगळं कळतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उस्ताद सकाळीच खोलीत आला. मी कपाट उघडत होते. आत वाकून पाहिलं आणि नको तेव्हा हात पुढे करून कपाटाच्या पाठीला लावला.

"बाई, हे गरम लागतं."

"लागू दे. कपाट माझं आहे."

"गेज इथेच असतं?"

"तुमच्यापासून लांब असतं."

त्याने हात मागे घेतला. "वरचं लोखंडी एकदा खाली काढू या का? मी काढतो. तुम्हाला हात लावायला नको."

आता मला कळलं, ह्याचं काय चाललंय ते. स्वतःची पाठ सरळ होत नाही, तर माझं गेज वाकडं ठरवायचं. भिंत वाकडी म्हणणाऱ्या गवंड्यासारखं. मी सांगितलं, "तपासणीत मोल्डिंगने नाक खुपसायचं नाही, हा नियम तुमच्या आधीपासून आहे."

त्याच्या आधीपासून इथे फक्त फाटक आहे. पण बोलायच्या भरात बोलून गेले, आणि तो मुकाट्याने निघून गेला. एवढी वर्षं एका जागी राहून माणूस उलट बोलायला शिकत नाही म्हणजे कमाल आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी बेचाळीस पाठी. चौथा कोपरा एक पूर्णांक आठ. पहिल्यापेक्षा जास्त! साच्यात काही बदललेलं नाही, माल तोच, पाणी तेवढंच थंड, आणि पीळ वाढतो आहे. सगळ्या लाल. एकोणीस तारखेच्या वीस धरून बासष्ट पाठी आता खिडकीखाली रचल्या आहेत, लाल चिठ्ठ्यांनी ती बाजू पार भरून गेली आहे.

धाकटे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, उस्तादांचं वय झालं का हो?"

मी म्हटलं, "वय सगळ्यांचंच होतं. काहींची अक्कलही त्याबरोबर वाढते."

हे वाक्य मला बरं जमलं असं वाटलं. नंतर प्रेसजवळून जाताना पाहिलं, उस्ताद एकटा बसून एका नापास पाठीवर दोरे ताणत होता. दोरे टेकलेले असावेत. तो ते सोडायचा आणि पुन्हा ताणायचा. चष्मा कपाळावर. मला पाहून उठून उभा राहिला. मी काही थांबले नाही.

३ मार्च, सोमवार

शेवटी आला वळणावर! सकाळी म्हणाला, "बाई, पाठ तुमच्या गेजला बसली पाहिजे, एवढंच ना?"

"एवढंच. फेब्रुवारीपासून तेच सांगते आहे."

"मग गेजला बसवून देतो. माझ्या डोळ्याला ती वाकडी दिसेल, तेवढं तुमच्या कानावर घालून ठेवतो."

"तुमच्या डोळ्याला चिठ्ठी लावायचा अधिकार नाही."

"नाही," म्हणाला. "विभाग राहायला हवा बाई. शिक्का तुमच्या हातात आहे."

गादीच्या एका कोपऱ्याखाली त्याने पत्र्याची पट्टी सारली. दुपारी पहिली पाठ आली. गेजवर ठेवली आणि चारही कोपरे असे टेकले की फट मोजायची पातळ पत्ती आत जाईना. एका पट्टीचं काम आणि महिनाभर झोपेच्या आणि दोऱ्याच्या गोष्टी! याला म्हणतात उस्ताद. सगळा वेळ स्वतःचंच खरं करण्यात घालवला, आणि जरा कडक धरल्यावर दोन तासांत जमलं. माणसांनाही साच्यासारखं आवळून धरावं लागतं, म्हणजे सरळ निघतात.

आजची पहिली हिरवी चिठ्ठी. टाळी कोणी वाजवली नाही.

५ मार्च, बुधवार

चाळीस पाठी, चाळीस हिरव्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर माझी सही. गाडी अकरा वाजता गेली. धाकट्या मालकांनी अकरा जणांना पेढा न देता नुसतं "शाब्बास" दिलं. मला "मावशी, तुम्ही होता म्हणून."

होतेच.

उस्ताद गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उभा होता. आनंद झालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. कौतुक मला मिळालं ते सोसलं नसावं.

१० मार्च, सोमवार

चाळीसच्या चाळीस परत.

एकाही खुर्चीला खिट्टी लागली नाही. गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाईने फोनवर आकडा सांगितला: पीळ दोन मिलिमीटर, सगळ्यांना सारखा, सगळ्यांना एकाच बाजूला. आवाजावरून तिशीची असेल. "सही तुमचीच आहे ना?" असं मला दोनदा विचारलं.

बैठक झाली. धाकटे मालक आधी म्हणाले की सगळ्या सारख्याच चुकल्या आहेत म्हणजे पद्धत उत्तम आहे. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. मग साचा उघडला आणि पट्टी सापडली.

"ही कोणी लावली?"

"मी लावली," उस्ताद म्हणाला.

"कोणाला विचारून?"

तो माझ्याकडे बघत होता. मी वाट पाहत होते की आता हा दोरा, डोळा, गेज सगळं बाहेर काढणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं तिखट. पण तो म्हणाला, "कोणाला नाही. माझा हात, माझी पट्टी."

पाच मिनिटांत निकाल. उस्ताद आजपासून बंद, विभाग महिनाअखेरीला बंद. त्याने प्रेसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, चष्म्याची डबी खिशात घातली आणि गेला. अकरा जण खाली बघत उभे.

चूक केली, सापडला, शिक्षा झाली. यात माझ्या मनाला लागण्यासारखं काही नाही. तरी डबा उघडला नाही आज.

११ मार्च, मंगळवार

परत आलेल्या पाठी पुन्हा गेजवर ठेवल्या. चोख बसतात. पत्ती जात नाही.

मग तिशीतल्या बाईचा दोन मिलिमीटर आला कुठून? मला तिचा राग आला होता, म्हणून तिला खोटं पाडायला मी कोठारातून लोखंडी गेज खाली काढायला लावलं. दोघांनी काढलं.

त्यावर हिरवी चिठ्ठीवाली पाठ ठेवली. चौथा कोपरा दोन मिलिमीटर वर.

दुसरी. दोन. पाच पाठी ठेवल्या, पाचही दोन.

मग खिडकीखालची एक लाल चिठ्ठीवाली आणली. एकोणीस फेब्रुवारीची. ठेवली. पत्ती जाईना.

एकेक करून बासष्ट आणल्या. कोणाला हात लावू दिला नाही, खांद्याचं काय व्हायचं ते होवो. बासष्टही सरळ. गादी बसवल्यापासून त्या माणसाने एकही वाकडी पाठ काढलेली नव्हती. वाकडी पहिली त्याने काढली ती तीन मार्चला, माझ्यासाठी, मी सांगितली म्हणून.

दार लावून घेतलं. माझं हलकं गेज टेबलावर ठेवलं आणि शिवणाच्या डबीतले दोन दोरे त्याच्या कोपऱ्यांवर ताणले. मधे एकमेकांना टेकले नाहीत. करंगळी जाईल एवढी फट.

कपाटात हात घातला. कपाटाची पाठ गरम. डबा गरम. नोंदवह्यांचा गठ्ठा मी एका कोपऱ्यावर ठेवत होते, डबा सरळ राहावा म्हणून. माझंच गेज रोज थोडं थोडं जागं होत होतं आणि मी त्याच्या शेजारी माझं जेवण गरम करत होते.

उबेत नको आणि वर वजन नको. दोनच गोष्टी सांगितल्या होत्या त्याने.

१२ मार्च, बुधवार

खरं काय ते लिहिते, निदान इथे तरी.

कोणाला कळलेलं नाही. लोखंडी गेज पुन्हा वर ठेवता येईल. हलकं गेज गरम हवेच्या फुंकणीने ऊब देऊन, लोखंडीवर आवळून सरळ करता येईल. कसं करायचं ते उस्तादकडूनच महिनाभर ऐकलं आहे. अर्ध्या तासाचं काम. हे मी काल विचारात घेतलं, आणि आज सकाळी पुन्हा घेतलं. तेवीस वर्षं मी इथे लोकांना लाल चिठ्ठ्या लावत आले आणि फुंकणी कुठल्या कप्प्यात असते ते मला बरोबर माहीत होतं.

गेज पिशवीत घालून घरी आणलं. ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी चष्मा लावून एका डोळ्याने कडेवरून पाहिलं. मला वाटलं, आता माझ्यावर तोंडसुख घेतील. घ्यायला हवं होतं. मी एकतीस वर्षं घेतलं आहे.

"तुमच्या खात्यात असं वजन सापडलं तर काय करायचे?" मी विचारलं.

"त्याच्यावर छाप मारायचो. आणि कोणाच्या दुकानातलं ते लिहून काढायचो."

"दुकानदार ओळखीचा असला तर?"

"तेव्हा लिहायला जरा वेळ लागायचा," ते म्हणाले. मग उठून त्यांनी मला पाणी आणून दिलं.

१३ मार्च, गुरुवार

धाकट्या मालकांच्या टेबलावर, संगणकाच्या रंगीत चित्रांसमोर, हलकं गेज ठेवलं. शेजारी दोरे ताणून दाखवले. त्यांना दोन वेळा समजावून सांगावं लागलं. कळल्यावर मात्र फार लवकर कळलं.

"मावशी, दार लावा आधी. हे बाहेर जायला नको."

"का?"

"गिऱ्हाइकाला मी सांगितलंय, माणसाची चूक होती आणि माणूस काढला. त्यांना पटलं आहे. आता बासष्ट सरळ पाठी सापडल्या म्हणता, तर उत्तमच! त्या पाठवू. विभागही वाचेल. आणि उस्ताद तसेही दोन वर्षांत जाणारच होते."

म्हणजे सगळं जागच्या जागी बसत होतं. चारही कोपरे. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि लाजेची गोष्ट लिहायची तर, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी वाकडी आहे हे कळल्यावरही हा मुलगा मला पास करत होता, आणि ते करताना त्याला काहीच वाटत नव्हतं. इतक्या स्वस्तात मी आजवर कोणाला सोडलेलं नाही.

पर्समधून लाल चिठ्ठी काढली आणि त्याच्यासमोर गेजला चिकटवली. नोंदवही उघडली. नापास: तपासणीचं गेज, एक. कारणाच्या रकान्यात लिहिलं: कपाटाची ऊब, वरचं वजन. आणि त्याखाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.

"मावशी, नावं लिहायची नसतात."

"मी तुमची मावशी नाही," मी म्हटलं, आणि त्याच्याच फोनवरून गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाईला लावला. सगळं सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "बासष्ट पाठवा. आमच्या गेजवर बघते. आणि ज्यांनी ती गादी बसवली ते आहेत ना अजून तुमच्याकडे? पुढच्या कामासाठी विचारतेय."

फोन मालकांच्या हातात दिला. उत्तर त्यांनी द्यावं.

१४ मार्च, शुक्रवार

आयुष्यात पहिल्यांदा कामावरच्या माणसाच्या घरी गेले. लाल चिठ्ठीवालं गेज पिशवीत होतं. काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा ठरवलं, आणि तिन्ही वेळा त्यात शेवटी त्याचीच थोडी चूक निघत होती.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मी पिशवी डाव्या हातात धरली होती तिकडे पाहिलं, आणि आत वळून हाक मारली, "अहो, खांदावाल्या बाई आल्यात!"

मग मला म्हणाली, "या ना. बरा आहे का आता? हे रोज सांगतात, बाईंचा हात वर जात नाही, आणि बोलून तर दाखवत नाहीत. ती पिशवी द्या इकडे आधी."

तेवीस वर्षं मला वाटत होतं, या लोकांच्या घरी माझं नाव निघत असेल तर शिवी देऊनच निघत असेल. मला रडू आलं. तिथेच, उंबऱ्यावर, परक्या बाईसमोर. लिहायलाही लाज वाटते.

उस्ताद बाहेर आला. पिशवीतून गेज काढलं, चिठ्ठी वाचली, कडेवरून डोळा लावून पाहिलं.

"डबा ठेवत होते त्याच्याशेजारी," मी म्हटलं.

"वास यायचा गेजला," तो म्हणाला.

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं, हे त्याला माहीत होतं.

"आणि बाई, पट्टी मीच लावली ना. वाकडी निघणार हे ठाऊक असताना लावली. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. जिन्यावरून कोणी पडलं असतं तर?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला, आणि तो माझ्यावर चढला नव्हता. "पट्टी लावल्यापासून झोप नाही मला."

मी त्याची क्षमा मागितली. मला ते नीट येत नाही. "चुकलं माझं" एवढंच निघालं, तेही जरा दरडावल्यासारखं. मग सांगितलं की उस्ताद आहेत असं मालक फोनवर गिऱ्हाइकाला कबूल करून बसले आहेत, तेव्हा सोमवारी सकाळी आठला प्रेसवर यायचं आहे, किल्ल्या मालकांच्या टेबलावर आहेत आणि या वेळी बसून नाही, उभं राहून देणार आहेत.

१७ मार्च, सोमवार

बासष्टही बसल्या. खिट्ट्या लागल्या. विभाग चालू. चाळीस हिरव्या चिठ्ठ्या मी एकेक करून सोलल्या आणि लाल लावल्या. दिवस गेला त्यात. मालकांनी किल्ल्या उभं राहून दिल्या, पण पुटपुटत. सही करायचा अधिकार माझ्याकडून तीन महिन्यांसाठी काढला आहे, तो तिशीतली बाई इथे येऊन वापरणार. बरोबर आहे. मी असते तर सहा महिने काढला असता.

कपाट आता दारापाशी आहे. डबा गारच खाल्ला.

दर सोमवारी लोखंडी गेज खाली काढून सगळी गेजं त्याच्याशी लावून बघायची आणि नोंदवहीत सही मोल्डिंगने करायची, असा नियम मी केला. घरी ह्यांना सांगितलं, तर "हं" म्हणाले. या वेळचं "हं" जरा लांब होतं.

पहिला सोमवार आजच. गडी बोलवू दिला नाही. माझं काम आहे, मी एक टोक धरलं. दुसरं उस्तादने. निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मला वजनच लागत नाहीये. बघते तर हा माणूस टोकाला धरतच नाही. पार माझ्यापर्यंत हात घालून मधोमध धरतो, म्हणजे सगळे सोळा किलो त्याच्याकडे. चाळीस वर्षं कारखान्यात काढली आणि दोघांत एक वस्तू नीट उचलता येत नाही.

मी म्हटलं, "टोकाला धरा."

"हं," म्हणाला, आणि हात तिथेच ठेवला.